एका चुलीवर माणसे किती?



“मुंबई-पुण्याला माणसांची गर्दी झाली हे खरं. पण आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलपं आहेत. मग कुटुंब नियोजनाचं आम्हाला कशाला सांगता?”

सातारा-सांगली भागात ग्रामसभेला किंवा पारावरच्या बैठकीला हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शिरगणतीच्या आकड्यांत सापडते. आकडे म्हटले की कंटाळा येतो. पण हे आकडे आपल्याच घरातल्या माणसांचे आहेत. म्हणून नवरा-बायकोने हे पत्रक एकत्र बसून वाचावे. एकाला वाचता येत नसेल तर दुसऱ्याने वाचून दाखवावे.

शिरगणतीत घर कशाला म्हणतात?

शिरगणतीला, म्हणजे जनगणनेला, भिंती आणि छप्पर एवढ्यावर कुटुंब मोजत नाहीत. एका स्वयंपाकावर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. आपल्या भाषेत, एक चूल म्हणजे एक कुटुंब. एकाच वाड्यात तिघे भाऊ राहत असले आणि त्यांच्या चुली वेगळ्या असल्या, तर ती तीन कुटुंबे धरली जातात.

२०११ सालच्या जनगणनेत महाराष्ट्रात एका चुलीवर सरासरी साडेचार ते पाच माणसे होती. म्हणजे आई-बाप, दोन मुले आणि कुठे एखादी म्हातारी. आजोबांच्या काळचा दहा-पंधरा माणसांचा गोतावळा आता फार थोड्या घरांत राहिला आहे. त्यानंतरची जनगणना २०२१ साली व्हायची होती. कोरोनाच्या साथीमुळे ती लांबली आणि आता २०२७ साली घ्यायचे ठरले आहे.

शहर कशाने वाढते?

सातारा जिल्ह्यात २००१ साली सुमारे २८ लाख ९ हजार माणसे होती. २०११ साली ती ३० लाख ४ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत शंभराला सातच वाढली. सांगली जिल्हा २५ लाख ८४ हजारांवरून २८ लाख २२ हजारांवर गेला. ही वाढ शंभराला नऊ. त्याच दहा वर्षांत सारे राज्य शंभराला सोळा या हिशेबाने वाढले. आणि शेजारचा पुणे जिल्हा? तो ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला. शंभराला तीस!

पुण्याच्या बायका आपल्यापेक्षा चौपट बाळंत झाल्या असे मुळीच नाही. पुण्याची ही वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्या माणसांची आहे, आणि त्यात आपलीही माणसे आहेत. पाटण-जावळीचे गडी मुंबईत माथाडी कामाला गेले. खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले सोन्या-चांदीच्या कामासाठी साऱ्या देशात पांगले. माण-खटाव, जतची तरणी पोरे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लागली.

घराजवळचे उदाहरण सांगली-मिरज-कुपवाडचे. या तिन्ही गावांची मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली. २००१ साली तिथे सुमारे ४ लाख ३६ हजार वस्ती होती. २०११ साली ती ५ लाखांच्या वर गेली.

तेव्हा, “एक पोरगा शेती बघंल, एक मुंबईला जाईल, एक पुण्याला” हा जुना हिशेब आता तपासून पाहिला पाहिजे. जुन्या काळी मुंबईच्या गिरण्या माणूस सामावून घेत होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती उलट घटली. ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली. माणसे कल्याण, वसई, नवी मुंबईकडे सरकली. बृहन्मुंबईत २०११ साली शंभरातली सुमारे चाळीस माणसे झोपडपट्टीत राहत होती. शहरात पोटापुरते काम मिळेल, पण डोक्यावर छप्पर मिळेलच असे नाही.

आणि गावी जमिनीचे काय? चार एकर रान आहे आणि मुले चार, तर प्रत्येकाला एक एकर. मुलीलाही कायद्याने मुलाइतकाच वाटा आहे, हे विसरू नये. त्या चौघांना पुन्हा चार-चार मुले झाली, तर नातवंडांच्या वाट्याला प्रत्येकी दहा गुंठे. तेच दोन पिढ्या दोन-दोन मुले झाली, तर नातवंडाला पुरा एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे मिळतो. रान तेच, विहीर तीच, पण वाटा चौपट.

बायका जास्त, मग मुली कमी कशा?

सातारा जिल्ह्यात १९९१ पर्यंत दर हजार पुरुषांमागे हजाराहून अधिक बायका मोजल्या जात. इथे मुली जास्त जन्मत होत्या, असा त्याचा अर्थ नव्हे. घरचा पुरुष मुंबईला खोलीवर राहत होता, खानावळीत जेवत होता, आणि त्याची मोजणी तिकडे होत होती. गावी चूल, गुरे आणि म्हातारी माणसे बायको सांभाळत होती. म्हणूनच २०११ साली मुंबई शहरात हजार पुरुषांमागे बायका ८३२ होत्या, आणि साताऱ्यात ९८८.

आता दुसरा आकडा पाहा. सहा वर्षांपर्यंतची मुले तर नोकरीसाठी मुंबईला जात नाहीत. निसर्गाच्या नियमाने हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली असायला हव्यात. पण २००१ साली या वयात सातारा जिल्ह्यात ८७८ आणि सांगली जिल्ह्यात ८५१ मुली होत्या. बाकीच्या मुली गेल्या कुठे? बऱ्याच जणींना जन्मालाच येऊ दिले नाही.

ज्या आल्या, त्यांतल्या काहींचे नाव ‘नकुशा’ ठेवले गेले. नकुशा म्हणजे नको असलेली. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींचे समारंभाने नवे नामकरण केले. काहींनी आपली नावे स्वतः निवडली. नाव बदलता आले, ही चांगली गोष्ट झाली. पण मुलीच्या पाठीवर मुलगी, आणि मुलगा होईपर्यंत पाळणा हलता ठेवायचा, ही रीत बदलल्याशिवाय खरे काम पुरे होत नाही. मुलाच्या आशेने वाढलेले कुटुंब हे कोणी ठरवून वाढवलेले नसते. त्याचा भार आईच्या अंगावर पडतो.

गर्भातले मूल मुलगा की मुलगी हे सांगणे आणि विचारणे, दोन्ही गुन्हे आहेत. त्यासाठी १९९४ सालचा कायदा आहे. पण कायद्याहून मोठी गोष्ट बाईच्या जिवाची आहे. २०१७ साली मिरज तालुक्यात म्हैसाळ येथे बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा प्राण गेला, आणि तपासात पुरलेले १९ गर्भ सापडले. शिवाय मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते. तेव्हा मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणे हे अज्ञानच म्हणावे लागेल.

मग आता सांगायचे काय?

खरे सांगायचे तर, महाराष्ट्राने कुटुंब लहान केलेच आहे. १९९२-९३ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात एका बाईला सरासरी जवळजवळ तीन मुले होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती संख्या पावणेदोनच्याही आत आली. तेव्हा “किती” हा प्रश्न बराचसा सुटला. राहिलेले प्रश्न तीन: केव्हा, किती अंतराने, आणि भार कोणी उचलायचा.

केव्हा? लग्नाला मुलगी १८ वर्षांची आणि मुलगा २१ वर्षांचा हवा, हा कायदा आहे. पहिले बाळंतपण विशीनंतर व्हावे. कोवळ्या वयात दिवस गेले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली यासाठी ‘हनिमून पॅकेज’ नावाची योजना काढली होती. लग्नानंतर दोन वर्षे थांबणाऱ्या जोडप्याला ५ हजार रुपये, तीन वर्षे थांबल्यास साडेसात हजार. नाव ऐकून लोक हसले, पण मुद्दा त्यांना पटला.

किती अंतराने? दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर असावे. आईचे रक्त भरून येते आणि अंगावरच्या बाळाला पुरेसे दूध मिळते. पाळणा लांबवण्याची साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात:

तांबी – बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवता येते. एक प्रकार पाच वर्षे, तर एक दहा वर्षे चालतो. नको वाटेल तेव्हा काढून घेता येते.

अंतरा इंजेक्शन – दर तीन महिन्यांनी एक.

छाया गोळी – पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

माला-एन गोळी – रोज एक, न चुकता. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईने घेऊ नये.

निरोध – पुरुषाने वापरायचे साधन. गुप्तरोग आणि एड्सपासूनही बचाव करते.

कोणाला कोणते साधन मानवेल हे तपासणी करून डॉक्टर किंवा आरोग्यसेविका सांगतील.

ज्यांचे मालक शहरात कामाला आहेत त्या भगिनींना एक खास सूचना. यात्रेला, गणपतीला, दिवाळीला चार दिवस घरधनी येतो, आणि “एवढ्याला काय हुतंय” म्हणता म्हणता दिवस राहतात. यासाठी आधीच तजवीज ठेवा. माला-एन घेत असाल तर तो गावी नसतानाही रोज घेतली पाहिजे. आल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही. अंतरा किंवा तांबी असेल तर रोजची आठवण ठेवावी लागत नाही. आणि भाऊ, तुम्ही एसटीत बसताना घरच्यांसाठी खाऊ घेता, तसे निरोधचे पाकीटही पिशवीत टाका.

भार कोणी उचलायचा? महाराष्ट्रात शंभरातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुष मात्र शंभरात एकही भरत नाही. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते. थोड्याच वेळात होते, आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. तिने अशक्तपणा येत नाही, मर्दानगीही कमी होत नाही. काही दिवस जड काम मात्र टाळावे. पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि मग वीर्य तपासून घ्यावे. तोवर दिवस राहू शकतात.

सक्ती कोणाचीच नाही

१९७५-७७ च्या आणीबाणीत शस्त्रक्रियांची सक्ती झाली आणि लोकांचे मन या कामावरून उडाले. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने सक्तीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. आज साधन कोणते घ्यायचे, घ्यायचे की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे. सासूने नाही, भावकीने नाही, आणि आम्हीही नाही. आमचे काम माहिती देण्याचे.

तेव्हा आज रात्री जेवणे उरकली की दोघांनी एवढे तरी बोलावे: आपल्या चुलीवर माणसे किती हवीत? पुढचे मूल केव्हा? दोन्ही मुलीच झाल्या, तरी पाळणा थांबवायचा ना? आणि साधन कोण वापरणार? मनात शंका राहिली तर गावच्या आशाताईंना, उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारा. विचारायला लाज नको, आणि पैसेही पडत नाहीत.

मुलगी असो वा मुलगा, येणारे मूल हवेसे असो!