लाकूड फुकट आहे

शवागाराच्या पत्र्याखाली सकाळी नऊलाच ऊन शिरलंय. मे महिना. मुंबईच्या उपनगरातलं पालिकेचं रुग्णालय. मुख्य दारानं येणाऱ्यांना ही बाजू दिसतही नाही. धोबीखान्याच्या मागून वळसा घालून यावं लागतं. सिमेंटचे बाक भरलेले. बाकीचे लोक भिंतीच्या सावलीत उकिडवे. फिनेलचा वास, आणि फिनेलनं न दबणारा दुसरा. मोठ्यानं कुणी रडत नाही. रडणारे वर वॉर्डाच्या दाराशी रडून घेतात. इथवर पोचतात ती कामं करणारी माणसं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स, खिशात सारखा वाजणारा मोबाईल.

नळापाशी सातआठ जण घोळका करून उभे आहेत. नाक्यावरचे कामगार. पायांवरून कळतं. सिमेंटनं पांढुरके पडलेले पाय, भेगांत चुना बसलेला. नांदेडकडचे. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यातला एक माणूस छातीत दुखतंय म्हणाला. रिक्षात घातलं, इथं आणलं. डॉक्टरांनी नाडी बघून मान हलवली. दाखल होण्याआधीच मृत्यू, म्हणून पोलीस. पोलीस म्हणून पंचनामा. पंचनामा म्हणून शवविच्छेदन. या सगळ्यांपैकी कुणाचंच त्याच्याशी रक्ताचं नातं नाही. मुलगा रात्रीच्या गाडीनं निघालाय. एकजण मोबाईलवर बघून सांगतो, गाडी इगतपुरीला आहे. थोड्या वेळानं पुन्हा बघतो. अजून इगतपुरीलाच.

हवालदार टेबलाशी बसून कागद भरतोय. पंखा आहे, पण तो कागद उडवतो म्हणून बंद.

"मयताचं पूर्ण नाव?"

सगळे एकमेकांकडे बघतात. एका खोलीत राहतात, एका स्टोव्हवर जेवतात. पण तो सगळ्यांचा मामा. नांदेडवाले मामा. आडनाव एकाला ठाऊक आहे, वडलांचं नाव कुणालाच नाही.

"आधार कार्ड?"

"पेटीत हाय, साहेब. खोलीवर."

"मग आणा की. इथं नाव चुकलं ना, तर पुढं सगळीकडं चुकतं."

एक पोरगा पळत सुटतो. हवालदार रागावलेला नाही. नावातल्या एका काना-मात्रेपायी लोक वर्षभर खेटे घालतात, हे त्यानं बघितलेलं दिसतं. तेवढ्यात मुकादम पुढं होतो. पांढरा शर्ट, दोन मोबाईल. "साहेब, रिक्षात गेला तो. साइटवर नाय." हे वाक्य मी येऊन उभा राहिल्यापासून त्यानं आधीही म्हटलंय. त्याचा हिशोब असा: कामावर मेलेल्याची जबाबदारी मालकावर येते, रिक्षात मेलेल्याची कुणावरच नाही. हवालदार वर न बघता लिहीत राहतो.

पलीकडे एका मुस्लिम कुटुंबाचं आटोपत आलंय. मशिदीच्या ट्रस्टची गाडी दाराशी उलटी लावलीय. कफन, कापूर, खाट, सगळं गाडीतूनच आलंय. खांदे द्यायला मोहल्ल्यातली माणसं आहेत. घरच्यांना कुणी पैशाचं विचारताना दिसत नाही. गाडी निघते तसा घोळक्यातला वयस्कर माणूस डोक्यावरचा रुमाल झटकतो.

"बरंय यांचं."

"आपल्याबी गावात असतंच की. ज्याच्या त्याच्या घरून जळण येतं. भावकी असती."

"भावकी हितं कुठून आणायची?"

भावकी इथं मोबाईलमध्ये आहे. नाक्याच्या ग्रुपवर रात्रीच निरोप पडलाय: मामा गेले, जमेल तसं टाका. खाली एक नंबर. शंभर, पन्नास, दोनशे, पन्नास. वसईच्या एका साइटवरून अकरा जणांचे मिळून अकराशे. ज्याच्या नंबरावर पैसे येतायत तो पोरगा विशीतला. प्रत्येक आकडा तो एका मळक्या वहीत उतरवून घेतोय, नावासकट. मुकादमानं पाच हजारांची पाकिटबंद नोट-गड्डी दिलीय. वहीत तीही लिहिलीय.

शवविच्छेदनाला अजून वेळ आहे. नंबर तिसरा. मी वयस्कर माणसाबरोबर वर जातो.

पहिल्या मजल्यावर, रक्ततपासणीच्या रांगेच्या टोकाला, एक खोली आहे. दारावर पाटी: समाजसेवा अधीक्षक. रुग्णालयात अशी खोली असते हे बहुतेकांना बिलाच्या दिवशी कळतं. आत चाळिशीच्या बाई. टेबलावर फायलींचा ढीग, दाराबाहेर डायलिसिसवाल्यांची रांग. गरीब रुग्णांसाठीचा निधी यांच्या हातातून जातो. औषधं, तपासण्या, हृदयात बसवायच्या जाळ्या. मामासाठी त्यातून काही निघत नाही. रुग्ण होण्याआधीच मामा गेले.

"बसा, काका. वय काय होतं?"

"बावन असंल."

"बांधकाम कामगार म्हणून नोंद केली होती का? कार्ड?"

काका आठवून सांगतात. केली होती. दोन वर्षांमागं कॅम्प लागला होता, तेव्हा सगळ्यांनीच केली. भांडी मिळाली, पेटी मिळाली.

"नंतर नूतनीकरण?"

काका गप्प.

बाई कागदाच्या पाठीवर लिहायला लागतात. कार्ड चालू असेल तर पन्नास ते साठ वयाच्या नोंदीत कामगाराच्या अंत्यविधीला 10,000 रुपये. नैसर्गिक मृत्यूचे वारसाला 2 लाख. कार्ड मुदतीबाहेर असेल तर अवघड. पगाराच्या पावतीवर विम्याची कपात होत असती तर राज्य कामगार विम्याचे 15,000 मिळाले असते. पण नाक्यावर पावती कुठली? पिवळं रेशन कार्ड आहे? दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव? मग कमावता माणूस गेला म्हणून तहसील कार्यालयातून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20,000. वय एकोणसाठच्या आत हवं, ते आहे.

"हे आज मिळंल का, मॅडम?"

"आज नाही, काका. आधी दाखला. दाखल्याशिवाय कुणीच फाईल घेत नाही."

त्या हे दिवसातून कितीदा म्हणत असतील. आवाज मात्र प्रत्येकाला पहिल्यांदा सांगितल्यासारखा. आजच्या खर्चासाठी त्या एका संस्थेला फोन लावतात. तिथं कुणी उचलत नाही. दुसरीकडे लावतात. तिथला माणूस म्हणतो, बेवारस असेल तर सगळं आम्ही करू. याला तर वारस आहे. बाई फोन ठेवतात. मग आठवल्यासारखं विचारतात, "बँकेत खातं होतं ना? त्यांच्या घरी सांगा, पासबुक उघडून बघा. गेल्या मे महिन्याच्या शेवटी 436 रुपये कापले गेलेत का? किंवा 20 रुपये?"

काकांना कळत नाही. बाई सांगतात. जीवनज्योतीचा हप्ता 436, अपघाताच्या विम्याचा 20. खातं उघडताना फॉर्मवर टिक केलेली असते, दर वर्षी आपोआप कापले जातात, आणि घरच्यांना पत्ताच नसतो. 436 कापले असतील तर 2 लाख. पन्नाशीच्या आत घेतलेला असेल तर पंचावन्नपर्यंत चालतो. अपघात नाही, म्हणून 20 चा उपयोग नाही. त्या 436 ला गोल करतात. पेन जोरात दाबल्यानं कागदाला भोक पडतं.

खाली मुलगा आलाय. अठरा-एकोणीसचा. पाठीवर शाळेची बॅग. तो कुणाशी बोलत नाही. पाण्याची बाटली हातात दिली तर धरून उभा राहतो.

फाटकाशी खासगी गाड्यांची रांग आहे. काचेवर लाल अक्षरांत 'स्वर्गरथ'. पालिकेची शववाहिका दुसरीकडे गेलीय, दुपारी येईल. रुग्णांना आणणारी 108 ची गाडी मयत नेत नाही. गावी न्यायचं का, हा प्रश्न आता मुलासमोर येतो. ड्रायव्हर समजूतदार आहे, आकडा हळू सांगतो. नांदेड म्हणजे सहाशे किलोमीटर धरा. येताना गाडी रिकामी, म्हणजे बाराशे. पंचवीस हजार. वर बर्फ. टोल त्यात धरलाय. महिनाभर रोज काम लागलं तर नाक्यावरच्या माणसाला इतके मिळतात. आणि महिनाभर रोज काम लागत नाही.

मुलगा आईला फोन लावतो. घोळका चार पावलं लांब सरकतो. फोनमधला आवाज तरीही ऐकू येतो. मग तो आवाज थांबतो, दुसरा कुणी पुरुष बोलतो, बहुधा गावाकडचा चुलता. मुलगा "हाव, हाव" म्हणत राहतो. फोन ठेवून सांगतो, "हितंच करू. राख घेऊन या म्हणल्यात. गोदावरीत सोडू."

स्मशानापर्यंतच्या तीन किलोमीटरचे दीड हजार ठरतात.

सामानाचं दुकान रस्त्यापलीकडे आहे. चोवीस तास उघडं. बाहेर कळक उभे केलेले, मडक्यांची उतरंड, गोवऱ्या, सुतळीची बंडलं. दुकानदार बनियनवर. तो काय हवं ते विचारत नाही. "पुरुष की बाई? सवाष्ण? कुठल्या पद्धतीचं?" एवढं विचारून मोकळा. लिंगायत असतील तर तिरडी नाही, बसवून न्यायचं. बौद्ध असतील तर पांढरं कापड, मेणबत्त्या, गुलाल नाही. गुजराती असतील तर नारळ जास्त. सगळं त्याला पाठ. हात कापूर, राळ, तूप, तीळ पिशवीत टाकत राहतात. कापडाला तो हातभर जास्त फाडतो, वर म्हणतो, "कमी पडायला नको." बिल एकोणीसशे. वहीवाला पोरगा स्कॅन करतो. काउंटरवरचा डबा खणखणीत आवाजात घोषणा करतो: एक हजार नऊशे रुपये प्राप्त झाले. रस्त्यावरून जाणारी एक बाई वळून बघते.

दुकानदार शंभराची नोट परत देतो. "चहा पाजा सगळ्यांना."

शवविच्छेदन उरकून मयत ताब्यात मिळतं. स्मशानात सावली आहे, हेच पहिल्यांदा जाणवतं. मोठी पिंपळाची झाडं. कचेरीच्या खिडकीवर पाटी: कोणतेही शुल्क आकारले जात नाही. हे खरं आहे. मुंबईत पालिकेच्या स्मशानात एका मयताला 300 किलो लाकूड फुकट मिळतं. वखारीतला काटा जुना, लोखंडी. त्यावर ओंडके चढतात, उतरतात. शेजारी गॅसदाहिनीची इमारत, तीही फुकट. चिता असो की दाहिनी, मरण इथं कागदोपत्री बिनपैशाचं आहे. पैसे लागतात ते या खिडकीपर्यंत पोचायला.

काकांचं म्हणणं, लाकडावरच द्यायचं. मशीनमध्ये नाही. "आयुष्यभर उन्हात काम केलं माणसानं, त्याला काय डब्यात घालता?" मुलगा खिडकीतल्या माणसाला विचारतो, राख कधी मिळेल? लाकडावर उद्या सकाळी. दाहिनीत दोनअडीच तासांत. रात्री गाडी आहे. मुंबईत आणखी एक रात्र म्हणजे कुणाच्या तरी अंगावर आणखी एक जेवण. हे तो बोलत नाही. "मशीनमध्येच करू," म्हणतो. काका तोंड फिरवतात, पण पुढचा खांदा त्यांचाच असतो.

वहीत नाव लिहायची वेळ येते. आता आधार कार्ड आहे. रुग्णालयाच्या कागदावर नावापुढं 'राव' लागलंय, आधारावर नाही. कारकून दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतो. "आधारावरचंच घेतो. पण त्यांच्याकडचं आधी दुरुस्त करून घ्या. एकवीस दिवसांत नोंदीला पैसे पडत नाहीत." म्हणजे एकजण उद्या नाका बुडवणार. वहीवाला पोरगा हात वर करतो.

पाणी पाजून होतं. मुलगा मडकं खांद्यावर घेऊन फिरतो, काका दगडानं भोक पाडतात. दार उघडतं, बंद होतं. सरकवणारे दोघे हातातले मोजे काढत बाहेर येतात आणि घोळक्याजवळ रेंगाळतात. पाटी त्यांच्या डोक्यावरच आहे. काका दोनशे-दोनशे काढून देतात. ते कपाळाला लावून खिशात टाकतात.

मग नुसतं थांबणं. पिंपळाखाली बाकावर वही उघडते. ग्रुपवरचे 7,350. मुकादमाचे पाच हजार. गाडी, सामान, हार, चहा, ते चारशे. आठ हजारांच्या वर उरतायत. वहीवाला पोरगा उरलेले मुलाच्या हातात देतो. मुकादम गाडीला टेकून उभा आहे, तिथून म्हणतो, "माझे पाच हिशोबात धरा. मामाची बावीस दिवसांची मजुरी राहिलीय ना, त्यातनं वळते करू."

कुणी काही बोलत नाही. काका तेवढं विचारतात, "मग ती मदत कशी, मुकादम?"

"उचल समजा."

पोरगा वहीतली ओळ खोडतो. दुसऱ्या पानावर तीच रक्कम 'उचल' म्हणून लिहितो, खाली मजुरीचे बावीस दिवस आणि रोजचा दर लिहून मुकादमाची सही मागतो. मुकादम हसतो, पण सही करतो.

काका बाईंनी दिलेला भोक पडलेला कागद मुलाला समजावतात. 436 वाली ओळ दोनदा. मुलगा बहिणीला फोन लावून पासबुकाचा फोटो मागवतो. फोटो येतो. सगळी डोकी त्या स्क्रीनवर. पुसट निळी छपाई, दोन बोटांनी ताणून मोठी करतात. शेवटची नोंद दिवाळीची. त्याच्या आधीची पानं बहिणीनं काढलेलीच नाहीत.

"मागची पानं पाठव. गेल्या मेची," मुलगा सांगतो.

बहीण म्हणते, ते पासबुक जुनं, भरलेलं. बापूंनी कुठं ठेवलंय बघावं लागंल. नाहीतर सोमवारी बँक उघडली की आईला घेऊन जाते.

"जा. आणि आईचं आधार घे संगं. नाव नीट जुळतंय का बघ आधी."