डिअरबॉर्नमधला मतदानाचा मंगळवार

पहाटे ५.४५

५ नोव्हेंबर २०२४. मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नची एक शाळा. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये आम्ही टेबलं मांडतोय, बाहेर मिट्ट काळोख. मी मूळची सांगलीची. नागरिकत्व मिळाल्यापासून दर निवडणुकीला केंद्रावर काम करते. शपथ झाली. मतपत्रिका वाचणाऱ्या यंत्रातून शून्याची पट्टी निघाली, त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या.

सकाळी ७.००

दार उघडायच्या आधीपासूनच रांग. रात्रपाळी उरकून आलेले बरेच जण. फोर्डच्या रूज कारखान्यातल्या कामामुळे लेबनीज, येमेनी, इराकी कुटुंबं इथे येत गेली. आज शहराची निम्म्याहून अधिक वस्ती अरब मुळांची आहे.

सकाळी ९.३०

दक्षिण लेबनॉनच्या एक आजी नातीचा हात धरून आल्या. नात त्यांना ‘तेता’ म्हणते. त्यांच्या गावाकडे त्या आठवड्यातही बॉम्ब पडत होते. अर्जावर त्यांनी सावकाश सही केली, मी अरबी मतपत्रिका दिली. थोड्या वेळानं नात परत आली. “तेता विचारतेय, नाव कुठे लिहायचं?”

“मतपत्रिकेवर नाव नाही लिहायचं. फक्त खूण करायची.”

तेतांना ते पटायला वेळ लागला. मी घाई केली नाही.

ही अरबी मतपत्रिका सहज आलेली नाही. १९७५ साली मतदान हक्क कायद्यात भाषेची तरतूद आली, पण ती स्पॅनिश, आशियाई आणि मूळ अमेरिकी भाषांपुरतीच. जवळच्या हॅमट्रॅमिक शहराला बंगाली मतपत्रिका याच कायद्यानं मिळते. येमेन तर आशियातच आहे! पण सरकारी कागदावर अरब माणूस ‘गोरा’, म्हणून त्याची भाषा संरक्षणाबाहेर. शेवटी २०२२ साली डिअरबॉर्नच्या नगर परिषदेनं स्वतःच ठराव केला, तेव्हा ही पत्रिका आली.

दुपारी १.००

वीस मिनिटांची सुट्टी. सोबतच्या येमेनी मुलीनं झातर मसाला लावलेली मनकीश रोटी पुढे केली, मी डब्यातली चटणी-पोळी. हॉलमध्ये राजकारण बोलायचं नाही असा नियम, म्हणून आम्ही जुन्या खटल्यांबद्दल बोललो. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद या भारतीय माणसाला ‘गोरा नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४२ साली मिशिगनमधल्याच संघराज्य न्यायालयानं अहमद हसन या येमेनी माणसाला नाकारलं. त्याचा वर्ण आणि त्याचा धर्म, दोन्ही आड आले. नागरिकत्व मागताना अरब पुरेसा गोरा नव्हता आणि हक्क मागताना तो गोरा ठरला. या अन्यायाचा मला अजूनही संताप येतो. जनगणनेत पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेचा वेगळा रकाना ठेवायचा निर्णय व्हायला मार्च २०२४ उजाडावा लागला.

दुपारी ४.००

कॉलेजची मुलं आली, पहिल्यांदा मत देणारी. १९८५ साली याच शहरात मायकल ग्विडो यांनी महापौरपदाच्या प्रचारात ‘अरब समस्या’ असं छापलेलं पत्रक घरोघर वाटलं आणि ते निवडून आले. या मुलांच्या आईवडिलांचं तेव्हा बालपण चाललं होतं. २०२१ मध्ये अब्दुल्ला हमूद महापौरपदी निवडून आले, शहराचे पहिले अरब आणि पहिले मुस्लिम महापौर. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्रातल्या लेखानं या गावाला ‘जिहादची राजधानी’ म्हटलं, आणि हमूद यांना मशिदींभोवती पोलीस वाढवावे लागले. त्याच महिन्यात पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत राज्यातल्या एक लाखाहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी गाझाच्या युद्धाचा निषेध म्हणून ‘कोणालाच नाही’ या रकान्यात खूण केली. डिअरबॉर्नमध्ये हीच मतं सर्वांत जास्त होती.

रात्री ८.००

रांगेतल्या शेवटच्या माणसाचं मत होईपर्यंत थांबलो. शहराचे आकडे नंतर कळले: ट्रम्प सुमारे ४२ टक्के, हॅरिस ३६, तिसऱ्या पक्षाच्या जिल स्टाइन १८. चार वर्षांपूर्वी हेच शहर भरभरून बायडन यांच्या बाजूनं होतं. पुढे कित्येकांनी इथल्या अरब मतदारांना कृतघ्न म्हटलं. मला ते फार लागलं. ही मतं कोणाकडे गहाण नव्हती.

रात्री ९.१५

अर्ज मोजून यंत्राच्या आकड्याशी ताळा करायचा. मी गठ्ठा हातात घेतला. सकाळच्या अर्जांत तेतांची सही सापडली, थरथरत्या हाताची, उजवीकडून डावीकडे गेलेली. क्षणभर अंगठा तिथेच थांबला, मग मी पुढचा अर्ज मोजला.