‘सार्निया’ : मागे राहिलेलं बेट

आमच्या धाकटीने पियानोच्या पदविका परीक्षेसाठी जॉन आयर्लंडची ‘सार्निया’ निवडली आणि दोन महिने घरात कोणी सुखाने बातम्या ऐकल्या नाहीत. तिसऱ्या भागाचं नाव ‘साँग ऑफ द स्प्रिंगटाइड्स’. मी ऐटीत म्हटलं, “म्हणजे वसंताचं गाणं!” ती हसली. “बाबा, तुम्ही वेंगुर्ल्याचे ना? स्प्रिंग टाइड म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती.” म्हणजे आपलं उधाण! त्याच्या आवाजावर लहानाचा मोठा झालेला मी. ओशाळलो, आणि ही रचना समजून घ्यायला बसलो.

आडनाव आयर्लंड असलं तरी हा संगीतकार (१८७९–१९६२) इंग्लंडमधल्या चेशरचा. सार्निया हे इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाचं जुनं लॅटिन नाव. १९३९ मध्ये आयर्लंड तिथे राहायला गेला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला आणि बेटावर तीन भागांची ही रचना लिहायला घेतली.

पहिला भाग ‘ल कातिओरोक’. हे पश्चिम किनाऱ्यावरचं एक भूशिर. तिथे अश्मयुगीन दगडी थडगं आहे आणि चेटकिणी तिथे रात्री जमत, अशी दंतकथा आहे. संगीत खालच्या सुरांत दबकत सुरू होतं आणि मध्येच बेभान नाचू लागतं. दुसरा, ‘इन अ मे मॉर्निंग’, शांत आणि गाता आहे. त्याच्या माथ्यावर व्हिक्टर ह्यूगोचा उतारा आहे. ह्यूगोनेही या बेटावर १८५५ ते १८७० अशी हद्दपारीची वर्षं काढली होती. तिसऱ्यात दोन्ही हातांतून लाटांवर लाटा येतात.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. बेटावरून सुमारे सतरा हजार माणसं बोटींनी इंग्लंडला आली. त्यांत आयर्लंडही होता. महिनाअखेर जर्मन सैन्य उतरलं ते ९ मे १९४५ पर्यंत. ‘सार्निया’ पुरी झाली ती १९४१ मध्ये, इंग्लंडमध्ये, बेटाची वाट बंद असताना.

मला नवल वाटतं ते याचं, की त्या संगीतात कुठे तोफा नाहीत की रडगाणं नाही. शत्रूच्या ताब्यातल्या त्या किनाऱ्यावर भरती मात्र पूर्वीसारखीच, आनंदाने चढत राहते. तिथलं पाणी उधाणाला दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. वेंगुर्ल्याचं उधाण त्यापुढे लहानच.

आपण स्वखुशीने आलो, त्याला पळावं लागलं. तुलना ताणू नये. पण परीक्षेच्या आदल्या रात्री इंग्लंडमध्येच जन्मलेल्या मुलीने विचारलं, “बाबा, उधाणाचा आवाज खरंच कसा असतो?” मला सांगता येईना. खूप प्रयत्न केला, मग म्हटलं, “शेवटचं पान पुन्हा वाजव. जवळपास तसाच.”