खाली बसवलेली फियाट रस्त्याला चिकटते का?

नागपुरात जुनी फियाट विकत घेणाऱ्याला बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो पुढच्या कॉइल कापून, मागचे पाटे सपाट करून गाडी खाली बसवण्याचा. कारणही ठरलेलं असतं: गाडी लो केली की रस्त्याला चिकटते. यामागची हौस समजण्यासारखी आहे. स्पोर्ट्स कार म्हणाव्यात अशा गाड्या आपल्याकडे फारशा बनल्याच नाहीत. गोव्याच्या सॅन मोटर्सने १९९८मध्ये फायबरच्या बॉडीची, रेनोचं ११४९ सीसी इंजिन असलेली दोन आसनांची सॅन स्टॉर्म काढली, पण ती आज क्वचितच हाती लागते. मग कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट उरते, जी एके काळी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत हिरिरीने पळायची. खाली बसवलेली गाडी दिसायला आवडते, असं कुणी म्हटलं तर माझा वाद नाही. वाद ‘चिकटते’ या शब्दाशी आहे. तो शब्द इतक्या खात्रीने सांगितला जातो, की ऐकणारा हिशेब मागायचंच विसरतो.

तर हिशेब करू. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं, आणि किती सरकणार हे गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. फियाटच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे सव्वा मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर धरला आणि गाडी ४ सेंटिमीटरने खाली आणली, तर सरकणारं वजन जेमतेम ७ टक्क्यांनी घटतं. फायदा एवढाच, आणि तोही पूर्ण पदरात पडत नाही. पुढचे लोअर आर्म कारखान्याने एका ठरावीक कोनात बसवलेले असतात. गाडी खाली आली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, आणि वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू साधारणपणे गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली उतरतो. दोघांमधलं अंतर वाढलं की बॉडीला कलवणारा जोर वाढतो. म्हणजे कलणं कमी व्हावं म्हणून खाली बसवलेली गाडी जास्त कलू शकते. यावर शंका असेल त्याने मिलिकन पिता-पुत्रांचं १९९५चं ‘रेस कार व्हेईकल डायनॅमिक्स’ उघडावं. शर्यतीच्या गाड्यांवरच्याच त्या ग्रंथात या कलण्याच्या बिंदूचा सविस्तर विचार आहे.

यावर हमखास उत्तर येतं, की कॉइल कापली म्हणजे ती कडक होते, त्यामुळे गाडी कलत नाही. कडक होते, हे खरं. आठ वेढ्यांपैकी एक कापला की उरलेली कॉइल सुमारे १४ टक्के कडक होते. पण त्याच वेळी काय गेलं ते कुणी सांगत नाही. रबराच्या ठोकळ्यावर आदळण्याआधी चाकाला वर जायला ८ सेंटिमीटर जागा होती असं धरू. गाडी ४ सेंटिमीटर खाली आली, म्हणजे उरली निम्मी. कॉइल किती धक्का पचवणार हे कडकपणा आणि अंतराचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरतं, त्यामुळे कडकपणा १४ टक्के वाढूनही धक्का पचवण्याची ताकद पूर्वीच्या २९ टक्क्यांवर येते. उरलेला धक्का ठोकळा, चेसिस आणि बसणाऱ्याची पाठ घेते. चाक ठोकळ्यावर टेकलं की त्या क्षणी सस्पेन्शन नसल्यातच जमा. खड्डे असलेल्या वळणावर असं चाक उसळून रस्ता सोडतं. चिकटण्याच्या नेमकं उलट. शिवाय जुने शॉकअप मूळ कॉइलच्या हिशेबाने बनलेले असतात. कापलेलं टोक मूळ बैठकीत नीट बसत नाही. आणि गॅसने तापवून कॉइल ‘बसवण्याची’ जी पद्धत आहे, तिच्यात पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणीच उतरतं. अशी कॉइल पुढे आपोआप आणखी खचत जाते.

मग मालकाला गाडी चिकटल्यासारखी का वाटते? कारण लो करताना बहुधा बुश बदलले जातात, नवे शॉकअप आणि रुंद टायर पडतात, अलाइनमेंट होते. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत कडक होऊन तडकलेले रबरी बुश गेले, तर कोणतीही गाडी सुधारेल. श्रेय मात्र कापलेल्या कॉइलला मिळतं. समृद्धी महामार्ग झाला, आता गुळगुळीत रस्त्याची काय चिंता, असंही म्हणतात. उंची कमी केल्याने हवेचा अडथळा थोडा घटतो, हे मान्य. पण तो जिथे सुरू होतो त्या शिवमडक्यापर्यंत जायला शहर पार करावंच लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सतरा मीटर त्रिज्येच्या कमानीसारखा असतो. फियाटच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.३४ मीटर अंतर आहे. दोन्ही चाकं त्या कमानीवर असताना गाडीच्या पोटाखालची जागा फक्त ४ सेंटिमीटर कमी होते. गल्लीतला हातभर रुंदीचा डांबरी उंचवटा मात्र दोन चाकांच्या मधोमध येतो आणि आपली सगळीच्या सगळी उंची वसूल करतो. सिमेंट रस्त्याच्या कडेची उतरणही तशीच. ऑइलचं चेंबर फुटतं ते अशाच ठिकाणी.

शर्यतीच्या गाड्या खाली असतात, हा शेवटचा आक्षेप. त्यांच्यात आर्म जोडण्याच्या जागा बदललेल्या असतात, कॉइलला जुळणारे शॉकअप असतात, आणि त्या गतिरोधक नसलेल्या ट्रॅकवर धावतात. यातलं काहीच न करता फक्त त्यांच्या उंचीची नक्कल करणं म्हणजे शर्यतपटूचे बूट घालून आपण वेगवान झालो असं समजणं.

कायद्याकडेही काणाडोळा होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करायला मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये के. जयचंद्र प्रकरणात तेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा ठरलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरसीवर उंची छापलेली नसते, ही पळवाट म्हणून पुढे केली जाते. पण न्यायालयाने बोट ठेवलं ते निर्मात्याच्या तपशिलावर.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पंधरा वर्षांची गाडी भंगारातच जाते, हे नागपूरला लागू नाही. वयावरची ती बंदी दिल्ली आणि परिसरापुरती होती. इथे आरटीओच्या तपासणीनंतर नोंदणीचं पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. जुनी म्हणजे व्हिंटेज, हेही चूक. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं व्हावी लागतात, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही, आणि अशी नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. १९९८ची सॅन स्टॉर्म २०४८पर्यंत व्हिंटेज नाही. विदर्भात समुद्र नाही म्हणून गाडी गंजत नाही, हे अर्धसत्य. पावसाळ्यात दारांच्या तळाशी आणि मॅटखाली साचलेलं पाणी मिठाशिवायही पत्रा खातं.

म्हणून घेण्याआधी गाडी जॅकवर चढवून पुढच्या कॉइलच्या टोकाकडे टॉर्च धरा. कारखान्यातलं टोक नीट घडवलेलं असतं. कापलेल्या टोकावर ग्राइंडरच्या रेषा किंवा गॅसच्या आचेची निळसर झाक दिसते. मग टायरची आतली कड हाताने चाचपा, ती बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजली असेल तर चाक आत कललेलं असू शकतं. रबरी ठोकळा चेपून फाटला असेल, तर तोवर किती धक्के थेट चेसिसपर्यंत गेले ते कळतं. मागे पाटे मोजा, दोन्ही बाजूंची संख्या सारखी हवी. कापलेली कॉइल निघाली तर दोन्ही बाजूंच्या मूळ मापाच्या कॉइल, बुश आणि शॉकअप यांचा खर्च भावातून आधीच वजा करा.