बाटलीत नसलेला वास

अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एडविन स्लॉसन यांनी एकदा भर व्याख्यानात कापसावर एक द्रव ओतला. वास आला की हात वर करा, असं सांगितलं. 15 सेकंदांत पुढच्या रांगेतले बहुतेक हात वर! मिनिटाच्या आत हा वास मागच्या बाकांपर्यंत पोचला. पुढच्या काहींना तर तो इतका असह्य झाला की प्रयोग थांबवावा लागला. द्रव म्हणजे निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी होतं. 1899 साली स्लॉसन यांनी ही हकिकत प्रसिद्ध केली.

त्या श्रोत्यांना खोटारडं ठरवणं अन्यायाचं होईल.

माणसाच्या नाकात सुमारे 400 प्रकारचे गंधग्राहक असतात. त्यांचे संदेश भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांत फार थोड्या टप्प्यांत पोचतात. मात्र नुसत्या वासावरून वस्तूचं नाव सांगायची वेळ आली, की ओळखीचे वासही आपल्याला चकवतात. मग डोळे, शब्द आणि अपेक्षा मदतीला धावतात.

फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली गेली. शिकलेली नाकं ती! तरीही वासाच्या वर्णनात उतरले ते लाल वाइनचेच शब्द.

शब्दांची ताकद तर त्याहून विलक्षण. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकच वास ‘चेडर चीज’ या नावाने अधिक सुखद वाटला, ‘अंगाचा वास’ म्हटल्यावर कमी. आणि कपाळामागच्या मेंदूतल्या हालचालीही त्या नावानुसार बदलल्या.