मागील पानावरून पुढे चालू

मराठी घरांतील मुलांना 'वेताळ' भेटला तो मुख्यत्वे इंद्रजाल कॉमिक्समधून. त्या वेताळाचा जनक ली फॉक १९३६ पासून थेट १९९९ साली मृत्यू येईपर्यंत त्याच्या कथा लिहीत राहिला. बापाने आपले मूल शेवटपर्यंत सांभाळावे, तसेच हे. अमेरिकेतील मार्व्हल कंपनीच्या नायकांना मात्र हे सुख नाही. तिथे पात्र कंपनीच्या मालकीचे. लेखक येतात, काही वर्षे लिहितात आणि पात्र दुसऱ्याच्या हवाली करून निघून जातात.

'डेअरडेव्हिल' हा असा अनेक हातांत वाढलेला नायक. १९६४ साली लेखक स्टॅन ली आणि चित्रकार बिल एव्हरेट यांनी त्याला जन्म दिला. मॅट मरडॉक हा न्यूयॉर्कमधील एका मुष्टियोद्ध्याचा मुलगा. एका वृद्धाला ट्रकखाली जाताना वाचवताना किरणोत्सर्गी द्रव्य डोळ्यांत जाऊन तो आंधळा होतो. पण उरलेली इंद्रिये विलक्षण तीक्ष्ण होतात. दिवसा वकिली, रात्री मुखवटा. कायद्याचा सेवक आणि कायदा हातात घेणारा, असे दोघे एकाच देहात.

या विसंगतीचे खरे मोल ओळखले फ्रँक मिलरने. १९७९ मध्ये तो चित्रकार म्हणून आला आणि १९८१ पासून लिहू लागला. त्याने एलेक्ट्रा ही मॅटची जुनी प्रेयसी आणली आणि १९८२ मध्ये मारलीही. १९८६ मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा किंगपिन या गुन्हेगारांच्या बादशहाकडून त्याने मॅटचे बँक खाते, वकिलीची सनद, घर, सारे काही हिरावून घेतले. कथा संपताना मॅट जगतो खरा, पण सनद परत मिळत नाही.

आता पुढच्या लेखकाने काय करावे? मी बँकेत अधिकारी होतो. नव्या शाखेचा चार्ज घेताना आधीच्या माणसाने दिलेली कर्जेही आपलीच होतात. 'ती मी दिलेली नाहीत' असे म्हणून चालत नाही. मिलरनंतर आलेल्या अ‍ॅन नोसेंटीने हा नियम पाळला. तिचा मॅट सनद नसतानाही वस्तीतल्या गरिबांना मोफत कायद्याचा सल्ला देतो. एका कारखान्याच्या विषारी सांडपाण्याने आंधळ्या झालेल्या मुलाचा खटला तो पडद्याआडून लढवतो आणि समोर, कंपनीच्या बाजूने, त्याचाच जुना भागीदार उभा असतो. मिलरने दाखवलेला अंधार एका माणसाच्या मनातला होता; नोसेंटीने तो गल्लीत आणला. लोक मिलरचे नाव आधी घेतात. मला मात्र नोसेंटीचे काम अधिक अवघड वाटते, कारण उद्ध्वस्त घरात राहून दाखवणे हे घर उद्ध्वस्त करण्याहून कठीण.

सर्वांत मोठे कर्ज काढले ते ब्रायन मायकेल बेंडिसने. त्याच्या कथेत २००२ साली एक वृत्तपत्र मॅटचे गुपित छापते. सत्याची शपथ घालणारा हा वकील जगासमोर धडधडीत नाकारतो, इतकेच नव्हे, तर वृत्तपत्रावरच दावा लावतो. २००६ मध्ये बेंडिस गेला तो नायकाला तुरुंगात ठेवून. एड ब्रुबेकरने त्याला लगेच बाहेर काढले नाही; आपली पहिली कथा त्याने तुरुंगातच रचली. २०११ मध्ये आलेल्या मार्क वेडने मालिकेला पुन्हा हसायला शिकवले, पण जुने देणे विसरून नव्हे. त्याचा मॅट कोर्टात उभा राहिला की प्रतिपक्ष त्याच्या मुखवट्याचाच मुद्दा काढतो. म्हणून तो अशिलांना स्वतःची बाजू स्वतः मांडायला शिकवतो. आणि २०१४ साली तो शपथेवर सत्य सांगतो. एका लेखकाने २००२ मध्ये बोलवलेले खोटे दुसऱ्याने फेडले. त्याची किंमत म्हणून मॅटला न्यूयॉर्कमधील वकिली सोडावी लागते.

पुढे, २०१५ मध्ये चार्ल्स सोल आला. तो स्वतः पेशाने वकील. त्याने जगाच्या स्मृतीतून ते गुपितच पुसून टाकले. याला आमच्या भाषेत कर्ज बुडीत खाती घालणे म्हणतात. त्याच सोलने पुढे मुखवटाधारी साक्षीदाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेणारी सुरेख कथा लिहिली, हे मान्य. तरीही सत्य सांगण्यासाठी मॅटने मोजलेली किंमत त्या पुसण्याने हलकी झालीच.

कादंबरीकार म्हणून मला हा उद्योग प्रथम अपमानास्पद वाटे. माझे पात्र माझ्यानंतर दुसऱ्याने का चालवावे? आता वाटते, आपण सगळे असेच तर जगतो. आधीच्या पिढीने केलेली घरे, कर्जे, भांडणे आणि अर्धवट राहिलेली वचने आपल्या पदरी येतात. ती आपण मागितलेली नसतात.

घरात वाढत्या वयाचे मूल असेल, तर वेडपासून सुरुवात करावी. मिलर आणि बेंडिस मोठ्यांसाठी. पण वाचताना एवढे पाहावे, की नवा लेखक आधीच्या लेखकाचे कोणते देणे मानतो आणि कोणते नाकारतो. त्याची पारख तिथे होते.