कुंडीला तहान लागली का?
घरच्या घरी बनवा माती आणि हवा मोजणारे छोटे यंत्र

कुंडीतले झाड मलूल झाले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आज पाणी कोणी घातले नाही?’ पुष्कळदा खरी गोष्ट उलटी असते. पाणी सगळ्यांनीच घातलेले असते. सकाळी अम्मीने घातले, दुपारी दादीने घातले, संध्याकाळी शाळेतून आलेल्या मुलानेही तांब्याभर ओतले. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत म्हणून पाने लोंबतात, आणि ती लोंबलेली पाने पाहून आपण आणखी पाणी घालतो.

सुट्टीत याच्या उलट घडते. ईदला किंवा मे महिन्यात आठ-दहा दिवस गावी गेले, दाराला कुलूप लागले, की परत येईपर्यंत पुदिना आणि कोथिंबीर वाळून काड्या झालेल्या असतात. दोन्ही वेळी कारण एकच. मातीत ओलावा किती आहे हे आपण पाहिलेले नसते. ते पाहणारे आणि गरजेपुरतेच पाणी देणारे यंत्र आज घरी बनवता येते. आठवी-नववीतली मुले-मुली मोठ्यांच्या देखरेखीखाली हे काम सहज करू शकतात.

जुना हुनर, नवे रूप

स्थिती पाहायची, त्याप्रमाणे काम करायचे आणि काम झाले की आपोआप थांबायचे, ही कल्पना फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन या बनू मूसा बंधूंनी ‘किताब अल-हियल’ हा ग्रंथ लिहिला. त्यात सुमारे १०० युक्तीची यंत्रे आहेत. पाण्याची पातळी बदलली की उघडझाप करणाऱ्या झडपा आणि तरंगते गोळे त्यांनी वापरले. आपली वात आपणच वर सरकवणारा दिवाही त्यात आहे. पुढे १२०६ साली दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील अल-जजरी यांनी आपला यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. पाणी उपसणाऱ्या यंत्रांबरोबर त्यात वुजूसाठी पाणी ओतून देणारे यंत्रही आहे. आपल्या पाण्याच्या टाकीत वर-खाली होणारा गोळा हा त्याच विचाराचा वारस.

आज गोळ्याच्या जागी सेन्सर आला आणि झडपेच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स. २००५ मध्ये इटलीतील इव्रेया या गावी विद्यार्थ्यांसाठी ‘आर्डुइनो’ हा स्वस्त बोर्ड तयार झाला आणि हौशी माणसाला असे काम घरी करणे सोपे झाले. २०१६ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ‘ईएसपी३२’ ही चिप आली. तिच्यात वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही असल्याने कुंडीची खबर थेट मोबाइलवर पाहता येते.

सामान काय लागेल?

एका कुंडीसाठी यादी छोटी आहे: ईएसपी३२ चा बोर्ड, कपॅसिटिव्ह प्रकारचा माती-ओलावा सेन्सर, तापमान आणि दमटपणा मोजणारा डीएचटी२२ सेन्सर, एक रिले मॉड्यूल, पाण्यात बुडवायचा ५ व्होल्टचा छोटा पंप, बारीक नळी, जोडणीच्या तारा आणि मोबाइलचे दोन चार्जर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सामान मिळते. गावात राहणाऱ्यांना ऑनलाइन मागवता येते.

ओलावा-सेन्सर घेताना थोडे पाहून घ्या. दोन उघडे धातूचे पाय असलेला सर्वात स्वस्त सेन्सर घेऊ नका. ओल्या मातीतून वीज वाहिली की त्याचे पाय झिजू लागतात आणि काही आठवड्यांतच तो भलतेच आकडे दाखवतो. कपॅसिटिव्ह सेन्सर म्हणजे एक सपाट पट्टी. तिच्यातला धातू लेपाखाली झाकलेला असतो, म्हणून ती जास्त टिकते. मात्र पट्टीच्या वरच्या टोकाला जे इलेक्ट्रॉनिक्सचे तुकडे असतात ते पाण्यापासून सुरक्षित नसतात. त्यांवर आणि पट्टीच्या कापलेल्या कडांवर नेलपॉलिशचे दोन हात द्या, आणि पट्टी तिच्यावरच्या खुणेच्या रेषेपर्यंतच मातीत खोचा.

आकड्याला अर्थ कसा येतो?

विद्युत क्षेत्राला साथ देण्याचा पाण्याचा गुण हवेच्या सुमारे ८० पट असतो, कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ५ पट. माती ओली झाली की हा फरक पट्टीला जाणवतो. बोर्ड तो ० ते ४०९५ या आकड्यांत दाखवतो. या सेन्सरमध्ये कोरड्या मातीचा आकडा मोठा आणि ओल्या मातीचा लहान येतो.

पण नुसता ‘१९५०’ हा आकडा काहीच सांगत नाही. लाल माती, काळी माती, शेणखत, कोकोपीट, प्रत्येकाचा आकडा वेगळा. म्हणून आधी आपल्याच कुंडीतल्या मातीची दोन टोके मोजून घ्यावी लागतात. थोडी माती उन्हात खडखडीत वाळवा, एका डब्यात दाबून भरा, सेन्सर खोचा आणि आकडा लिहून ठेवा. मग त्याच मातीला भरपूर पाणी द्या, जास्तीचे पाणी तळातून निथळून जाऊ द्या आणि दोन तासांनी पुन्हा आकडा लिहा. समजा कोरडा आकडा २६०० आला आणि ओला १३००. दोन्हींतला फरक १३००. आता १९५० आला तर तो कोरड्यापासून ६५० खाली आहे, म्हणजे ओलावा ५० टक्के. त्रैराशिक येणारे मूल हा हिशेब सहज करते.

पहिले दोन आठवडे पंप जोडूच नका. रोज सकाळी आकडा पाहा, बोटाने माती चाचपा, पानांकडे बघा आणि वहीत तीन रकाने भरा. कोणत्या आकड्याला माती बोटाला कोरडी लागते हे तुमचे तुम्हालाच कळेल. पुदिन्याला ओल आवडते, तर कोरफडीची माती दोन पाण्यांच्या मध्ये पूर्ण वाळावी लागते. दोघांना एकच आकडा लावून चालत नाही.

जोडणी आणि पंप

ओलावा-सेन्सरला बोर्डाचा ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड द्या, आणि त्याची तिसरी तार ३४ क्रमांकाच्या पिनला जोडा. पिन ३२ ते ३९ यांपैकीच निवडावी, कारण वाय-फाय चालू असताना बाकीच्या पिनांवर असे मोजमाप होत नाही. आर्डुइनोचे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि त्यात नमुन्याचे प्रोग्रॅम तयार असतात. त्यात फक्त आपले दोन आकडे बदलायचे.

पंप बोर्डाच्या पिनला थेट जोडू नका. तेवढा विद्युतप्रवाह पिन देऊ शकत नाही आणि बोर्ड जळतो. पंपाला दुसऱ्या चार्जरमधून वीज द्या आणि ती रिलेमधून न्या. काही रिले उलट्या चालतात, म्हणजे पिन ‘बंद’ असताना पंप सुरू होतो. म्हणून पहिली चाचणी रिकाम्या रिलेवर, पंप न लावता घ्या.

पंप किती पाणी देतो हेही मोजा. तो १० सेकंद चालवून पाणी मापाच्या ग्लासात धरा. २५० मिलिलिटर भरले, तर ४ सेकंदांत १०० मिलिलिटर पडेल. मग यंत्राला नियम द्या. ओलावा ३० टक्क्यांखाली गेल्याचे लागोपाठ तीन वेळा दिसले तर ४ सेकंद पंप चालव. नंतर पाणी मुरण्यासाठी २० मिनिटे थांब. पुन्हा मोज. ६० टक्के झाले की थांब.

घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात:

• सेन्सर मातीतून निसटला तर यंत्राला वाटते की माती वाळली आहे, आणि ते पाणी ओततच राहते. म्हणून एका दिवसात पंप जास्तीत जास्त किती सेकंद चालेल, ही मर्यादा प्रोग्रॅममध्ये घालाच.

• पाण्याची बादली कुंडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा. ती वर ठेवली तर पंप बंद झाल्यावरही नळीतून पाणी वाहत राहते आणि पूर्ण बादली जमिनीवर येते.

• बादली झाकलेली असावी. उघड्या पाण्यात डास होतात. पाणी संपल्यावर कोरडा चाललेला पंप जळतो, म्हणून दिवसांचा हिशेब करूनच बादली भरा.

• चार्जर, रिले आणि बोर्ड पाण्यापासून दूर, उंचावर ठेवा. घरातल्या २३० व्होल्टच्या मोटारीला किंवा बोअरच्या पंपाला हात लावू नका. ते काम वायरमनचे आहे.

बादलीत वुजूचे पाणीही चालते. त्यात साबण नसतो. टबात गोळा करून कपड्यातून गाळून घेतले की झाडांना उपयोगी पडते. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत ही बचत लहान नाही.

घरातली हवाही मोजा

त्याच बोर्डाला डीएचटी२२ जोडला की खोलीचे तापमान आणि दमटपणा कळतो. तो बोर्डापासून हातभर दूर, उन्हाबाहेर लावा, नाहीतर बोर्डाचीच उष्णता मोजली जाते. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांना याचा विशेष उपयोग आहे. ३५ अंश तापमान कोरड्या हवेत सोसवते. तेच ७५ टक्के दमटपणात घाम वाळू देत नाही आणि शरीर आतून तापते. घरात तान्हे मूल किंवा वयस्क माणूस असेल तर दोन्ही आकडे एकत्र पाहावेत. सर्वात तापलेली वेळ कोणती हे कळले की पत्र्यावर ओली पोती कधी टाकायची, दादीची खाट कोणत्या खोलीत हलवायची, हे ठरवता येते.

धुराचे बारीक कण मोजायचे असतील तर लेझरच्या उजेडाने कण मोजणारा वेगळा सेन्सर घ्यावा लागतो. तो बाकी सामानापेक्षा महाग आहे. ‘पीएम २.५’ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. ते फुप्फुसात खोल जातात. २४ तासांच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आहे. बंद खोलीत लोबान जाळला, डासांची कॉइल लावली किंवा कढईत तळण सुरू केले की सेन्सरचा आकडा झरझर वर चढतो. मिनिटाभराचा आकडा २४ तासांच्या मर्यादेशी ताडून घाबरू नका. खिडकी उघडल्यावर तो किती वेळात खाली येतो हे पाहा. दम्याचा त्रास असलेले माणूस घरात असेल तर लोबान खिडकी उघडी ठेवून, थोडा आणि थोडाच वेळ जाळावा. पावसाळ्यात हवेतला ओलावा कणांसारखा मोजला जाऊन आकडा फुगतो, हेही लक्षात असू द्या.

स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखण्याचे काम मात्र घरगुती सेन्सरवर सोपवू नका. त्यासाठी तयार, प्रमाणित अलार्म घ्या. वास आला तर कोणताही बटन न दाबता रेग्युलेटर बंद करा आणि दारे-खिडक्या उघडा.

यंत्र नको असेल तर

विजेशिवायही उपाय आहे. लेप नसलेले कच्चे मडके मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि झाकायचे. माती वाळली की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढते, ओली असली की ओढणे मंदावते. चीनमधल्या इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात ही रीत नोंदली आहे. मडके स्वतःच सेन्सर आणि स्वतःच पंप. दोन-तीन कुंड्या असतील आणि वारंवार गावी जावे लागत असेल तर हेच पुरे.

मग यंत्र कशाला? मुलांसाठी. मोबाइलवर तयार गोष्टी पाहणारे मूल इथे स्वतः मोजते, आकडा चुकला तर कारण शोधते आणि मोजल्यावरच बोलते. एक कुंडी, एक सेन्सर आणि एक वही घेऊन येत्या सुट्टीत सुरुवात करा. पंपाचे नंतर पाहता येईल. वहीची दोन पाने भरेपर्यंत पुदिन्याला पाणी कधी हवे हे घरातल्या सगळ्यात लहान मुलालाही सांगता येईल, आणि तांब्या घेऊन निघालेल्या दादीला तेच अडवील, ‘थांबा, अजून माती ओली आहे!’